मी म्हणू की ती? रोलप्लेमध्ये पात्राच्या तोंडून बोलायला शिकताना

डीएम, म्हणजे खेळातली गोष्ट चालवणारा, समोर बघून विचारतो, "पहारेकऱ्याने तुझ्या वाटेत भाला आडवा धरलाय. काय करतेस?" आणि नवीन खेळाडू गप्प होतो. काय करायचं ते मनात असतं. अडतं ते वाक्याच्या पहिल्याच शब्दावर. ‘मी’ म्हणू, ‘ती’ म्हणू, की सरळ पहारेकऱ्याशीच बोलायला लागू? गेली काही वर्षं मी मित्रमैत्रिणींसाठी मराठीतून रोलप्लेचे गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचे गोष्टीचे खेळ, चालवते. नवा माणूस नियमांना किंवा डाइसना फारसा घाबरत नाही, ते शेजारी बसलेलं कुणीही सांगतं. तो अडखळतो तो इथे, आणि याबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.

उदाहरणं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या धर्तीवरची घेतली आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होते. पण एक खेळाडू आणि त्याचं एक पात्र अशी रचना असलेल्या कुठल्याही टेबलटॉप गेमला हे लागू पडेल.

आधी भीती काढून टाका

‘मी’ म्हणून आवाज बदलून बोलणारा तो खरा रोलप्लेअर, आणि ‘माझं कॅरेक्टर असं करतं’ म्हणणारा कच्चा, हा समज डोक्यातून काढा. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिल्या आहेत. एक वर्णन करून सांगायची, दुसरी पात्र होऊन बोलायची. बहुतेक खेळाडू दोन्ही मिसळून वापरतात, तुम्हाला जमेल तसं मिश्रण करा, असंच तिथे सुचवलं आहे.

हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. त्याआधीच्या युद्धखेळांत एकेक खेळाडू अख्ख्या पलटणी हलवायचा, त्यामुळे पटावरच्या कुणाला ‘मी’ म्हणायची वेळच येत नव्हती. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला आणि खेळाडूंना सैन्याऐवजी महापौर, सावकार अशा एकेका माणसाच्या भूमिका दिल्या. खेळाडू एकमेकांशी त्या माणसांसारखे बोलायला लागले. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली, आणि 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला. सैन्य जाऊन माणूस आला तेव्हाच ‘मी की तो’ हा प्रश्नही टेबलावर आला.

आजचं दडपण मात्र वेगळ्या जागेवरून येतं. 2015 पासून सुरू असलेला ‘क्रिटिकल रोल’ हा खेळ खेळून दाखवणारा ऑनलाइन कार्यक्रम बघून अनेक जण या खेळाकडे वळतात. त्यातले मूळ खेळाडू व्यावसायिक आवाज-कलाकार आहेत. त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. आणि नीट कान देऊन ऐकलंत तर तीही मंडळी एका दमात ‘मी’वरून ‘ती’वर आणि परत ‘मी’वर जाताना ऐकू येतील.

पायरी 1 : ‘ती’ने सुरुवात करा, पण पूर्ण सांगा

समजा तुमचं पात्र आहे रेवा नावाची तिरंदाज. तिच्या बुटात एक चिठ्ठी लपवलेली आहे आणि अंधार पडायच्या आत तिला पूल ओलांडायचाय. पहारेकरी जकात मागतोय.

"रेवा त्याला पटवते." हे वाक्य अपुरं आहे, पण त्यात ‘ती’ आहे म्हणून नव्हे. कशी पटवते हे त्यात कुठेच नाही, म्हणून. डीएमला दोन गोष्टी कळायला हव्यात: पात्राला काय हवंय, आणि त्यासाठी ते नेमकं काय करतंय. त्यावरूनच तो अवघडपणाचा आकडा ठरवतो, म्हणजे डाइस टाकून निदान किती यायला हवेत ते. सोपं असेल तर 10, मध्यम असेल तर 15, अवघड असेल तर 20. म्हणून असं सांगून बघा:

"रेवाला पैसे द्यायचे नाहीत. ती पहारेकऱ्याच्या भिजलेल्या बुटांकडे बघते आणि त्याची विचारपूस करायला लागते. हिला आपली काळजी आहे असं त्याला वाटायला हवं."

यात एकही संवाद नाही, तरी माणूस उभा राहिला. पहिली दोन-तीन सेशन्स, म्हणजे खेळायच्या बैठका, एवढंच करा. यापुढे कधीच गेला नाहीत, तरी तुमचं खेळणं कुठे कमी पडणार नाही.

पायरी 2 : ‘असं म्हणते’चा पूल

ही पायरी आपल्याला मराठीने आयती दिली आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कामाची हीच आहे.

घरी आपण निरोप कसा सांगतो ते आठवा. "आई म्हणाली, मी आज येणार नाही." या वाक्यातला ‘मी’ कुणाचा, हे मराठी माणसाला विचारावं लागत नाही. ‘ती येणार नाही असं म्हणाली’ असं फिरवण्याची गरजही वाटत नाही. दुसऱ्याचा ‘मी’ त्याच्याच शब्दांत उचलायचा आणि पुढे किंवा मागे ‘म्हणाली’, ‘असं म्हणते’, ‘म्हणून सांगते’ लावून द्यायचं, ही आपली रोजची सवय आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लावणारे बुवा हेच करतात. ‘अर्जुन म्हणतो,’ इथपर्यंत ते बुवा असतात, स्वल्पविरामानंतर अर्जुन होतात, आणि वाक्य संपलं की पुन्हा बुवा. एकटा माणूस दहा पात्रं करतो आणि मागच्या ओळीत बसलेल्या आजींचाही गोंधळ होत नाही.

टेबलावर हे असं दिसतं:

"रेवा त्याच्या बुटांकडे बघून म्हणते, दादा, सकाळपासून पाण्यातच उभे दिसताय. बदली यायची आहे की नाही कुणी?"

तुम्ही पात्राच्या शब्दांत बोललात, पण हात कठड्यावर होता. शब्द सुचले नाहीत तर कुठल्याही क्षणी ‘आणि असं काहीबाही बोलत राहते’ म्हणून सुटता येतं.

या पुलाचा आणखी एक फायदा लक्षात यायला मला बराच वेळ लागला. शब्दांच्या मागे काय चाललंय ते सांगायला इथे जागा राहते:

"‘माझ्याकडे एक नाणंही नाही हो,’ असं ती म्हणते, पण म्हणताना तिचा हात खिशावरच आहे."

नुसतं ‘मी’ होऊन बोललात तर खोटं बोलणं आवाजातून दाखवावं लागतं, आणि ते सगळ्यांना साधत नाही. इथे शेवटच्या सहा-सात शब्दांत काम झालं. डीएमलाही कळलं की पहारेकरी ते हेरतो का यासाठी रोल मागायचा, म्हणजे डाइस टाकायला सांगायचं आहे. मुरलेले खेळाडूही हा पूल सोडत नाहीत, ते यामुळेच.

पायरी 3 : ‘मी’ कुठे म्हणायचं ते निवडा

आता कठडा सोडायचा, पण सगळीकडे नाही. बाजारात दोर विकत घेताना दुकानदाराशी घासाघीस करायची गरज नसते. "रेवा पन्नास फुटांचा दोर घेते" एवढ्यावर पुढे चला. जिथे काय बोललं गेलं यावर पुढची गोष्ट अवलंबून आहे, तिथे ‘मी’ वापरा. वचन देताना, धमकी देताना, माफी मागताना, सत्य कबूल करताना.

सुरुवातीला फक्त दोन वाक्यं. ती झाली की थांबायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं. लांबलचक भाषण ठोकलं की बाकीचे प्रेक्षक होतात, आणि ते खेळायला आलेले असतात. आवाज बदलायची गरज नाही. बोलण्याचा वेग बदला, वाक्यं लहान करा, किंवा पात्राला एखादा ठरावीक शब्द द्या. आमच्या एका कॅम्पेनमधला, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या गोष्टीतला, भाल नावाचा ड्वार्फ (बुटक्या जमातीतला) लोहार कुणालाही उत्तर देण्याआधी ‘थांब’ म्हणायचा. दोन सेशन्सनंतर तो खेळाडू ‘थांब’ म्हणाला की सगळे त्याच्याकडे ड्वार्फ म्हणूनच बघायला लागले.

तो खेळाडू मुळात अबोल. चार सेशन्स तो ‘भाल म्हणतो’, ‘भाल नकार देतो’ असंच बोलत होता आणि मी कधी काही सुचवलं नाही. पाचव्या सेशनला पार्टी, म्हणजे सगळ्या पात्रांचा गट, एका खाणीत अडकली. दार आतून कुणीतरी धरून ठेवलं तरच बाकीचे सुटणार होते. मी विचारलं, "कोण थांबतंय?" कुणीच बोलेना. मग तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "थांब. मी धरतो." मी विचारलं, "भाल?" त्याने मान हलवली. त्या क्षणी ‘भाल दार धरून ठेवतो’ असं तो म्हणाला असता तरी नियमांच्या दृष्टीने तेच झालं असतं. पण टेबलावर जी शांतता पसरली ती त्या ‘मी’मुळे होती, आणि ती मिळाली कारण त्याने तोवर तो शब्द खर्च केला नव्हता.

पायरी 4 : मराठीत ‘मी’ म्हणण्याआधी चार गोष्टी ठरवा

इंग्रजीत खेळणाऱ्यांना यातले बहुतेक प्रश्न पडतच नाहीत, त्यामुळे तिकडच्या मार्गदर्शनात ते सापडत नाहीत.

पहिली गोष्ट लिंगाची. इंग्रजीतला ‘मी’ पुरुष आहे की बाई, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत पहिल्याच वाक्यात उघड होतं: मी जातो, मी जाते. पुरुष खेळाडू रेवा खेळत असेल तर ‘मी’ म्हटल्याबरोबर त्याला ‘मी येते’ म्हणावं लागतं, आणि पहिल्यांदा बहुतेक जण इथेच थबकतात. लाजू नका. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची सवय आपल्या रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बालगंधर्वांनी केली, कोकणातल्या दशावतारात आजही होते. दशावतारातले संवाद तर बरेचसे तिथल्या तिथे रचलेले असतात, म्हणजे कलाकार आपल्यासारखंच सुचेल ते बोलत असतो. टेबलावर कुणी हसलं तर डीएमने शांतपणे पुढचा प्रश्न विचारावा, "मग रेवा, कुठे जातेस?" दोन-चार वेळा असं झालं की कानांना सवय होते.

ते नकोच असेल तर भाषेतच वाटा आहेत. ‘मी जाईन’, ‘मी दार उघडलं’, ‘मला पलीकडे जायचंय’, ‘मला हे पटत नाही’ यांत लिंग दिसत नाही. ज्याचं लिंग ठरवलेलं नाही किंवा मुद्दाम लपवलंय अशा पात्रासाठी याच रचना वापरा, आणि तृतीयपुरुषात सर्वनामाऐवजी नाव घ्या. शिवाय बोलीबोलीत फरक असतो. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात. तुमच्या पात्राचं गाव कुठलं मानता त्यावर हेही ठरवता येईल.

दुसरी गोष्ट तू, तुम्ही आणि आपण. समोर तुमची जुनी मैत्रीण बसली आहे, तिला तुम्ही ‘अगं’ म्हणता. पण ती आत्ता राणी खेळतेय. तुमच्या तोंडून ‘आपली आज्ञा असेल तर’ असं निघालं की कुठलाही आवाज न बदलता सगळ्यांना कळतं, हे पात्र बोलतंय. याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही. आणि पुढे कधी रेवा राणीला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाली, तर त्या एका शब्दात भांडण किंवा मैत्री यांतलं काहीतरी घडलेलं असेल.

तिसरी, आपण आणि आम्ही. कोठडीतल्या कैद्यासमोर रेवा म्हणाली "आपण इथून निघू", तर तिने त्याला बरोबर न्यायचा शब्द दिला. "आम्ही इथून निघतो" म्हणाली, तर त्याला मागे ठेवलं. डीएम म्हणून मी हा फरक शब्दशः धरते आणि पहिल्या सेशनलाच तसं सांगून ठेवते. नवख्या खेळाडूची जीभ चुकून घसरली असेल तर अर्थातच दुरुस्त करू देते.

चौथी गोष्ट बोलीची, आणि इथे माझं मत ठाम आहे. स्वतःची बोली वापरा, घरात बोलता ती खुशाल आणा. मालवणी बोलणारा एल्फ मी ऐकला आहे आणि तो सुरेख होता. पण चोर, नोकर किंवा मूर्ख दाखवायचा म्हणून दुसऱ्या कुणाची बोली उसनी घेऊ नका. टेबलावरच्या कुणाच्या तरी आजीची ती भाषा असते.

पायरी 5 : हा ‘मी’ कुणाचा, ते कळू द्या

"मी निघतो आता." कोण निघालं? पात्र खोलीतून, की खेळाडू शेवटची लोकल पकडायला? हे गोंधळ रोज होतात आणि बहुतेक किरकोळ असतात. पण "तुझ्यावर माझा विश्वास नाही" हे वाक्य पात्राने पात्राला म्हटलंय की मित्राने मित्राला, हे कळलं नाही तर घरी जाताना मनात सल राहतो.

उपाय साधे आहेत. पात्राशी बोलताना पात्राचं नाव घ्या: "भाल, तुझ्यावर माझा विश्वास नाही." खेळाडू म्हणून बोलायचं असेल तर हात वर करा किंवा ‘खेळाबाहेर’ म्हणून सुरुवात करा. ऑनलाइन खेळताना चेहरे दिसत नाहीत, तिथे आधी नाव आणि मग वाक्य ही सवय लावूनच घ्या. आणि कडक बोलणं झाल्यावर एखादं तृतीयपुरुषी वाक्य जोडा: "असं म्हणून रेवा बाहेर जाते, पण तिला वाईट वाटतंय." समोरच्या खेळाडूला त्यातून बरंच कळतं.

बोलणं चांगलं की रोल चांगला?

हा वाद प्रत्येक टेबलावर एकदा तरी होतो. माझी पद्धत अशी: पात्र काय म्हणतं ते खेळाडू सांगतो, ‘मी’ने किंवा ‘ती’ने, आणि ते किती परिणामकारक ठरलं हे 20 बाजूंचा डाइस अधिक पात्राचा बोनस ठरवतो. खेळाडूच्या वक्तृत्वाला गुण नाहीत. पोलादी कवच घातलेल्या पात्राच्या खेळाडूला आपण खरोखर तलवार चालवून दाखव म्हणत नाही. मग करिश्मा, म्हणजे छाप पाडायची ताकद, 18 असलेल्या बार्डच्या (गवयाच्या पात्राच्या) अबोल खेळाडूने प्रत्यक्ष भाषण का करून दाखवावं? मुद्दा मात्र मोजते. पहारेकऱ्याची बदली आलेली नाही हे हेरून त्यावर बोललात, तर मी अ‍ॅडव्हान्टेज देईन, म्हणजे दोन डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा. तो मुद्दा कुठल्या पुरुषात मांडलात याने फरक पडत नाही.

लढाईत वेगळं काही करायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीत एक राउंड म्हणजे सहा सेकंद. त्यात एक आरोळी मावते. बाकी ‘रेवा बाण सोडते’ एवढं पुरे.

मागे सरकायची वाट उघडी ठेवा

काही प्रसंगांत ‘मी’ फार जवळ येतो. छळ, प्रेमप्रसंग, घरातल्या माणसाचा मृत्यू. माझ्या टेबलावर एका मैत्रिणीच्या पात्राला वडिलांच्या मरणाची बातमी मिळाली, तोवर ती सगळं ‘मी’ने खेळत होती. त्या वाक्याला ती थांबली आणि म्हणाली, "ती काही बोलत नाही. ती दाराशी जाऊन बसते." मीही लगेच ‘तू’ सोडून ‘ती’ धरलं. "तिच्या शेजारी कुणी येतं का?" भालच्या खेळाडूने सांगितलं, "भाल येतो. तोही काही बोलत नाही." प्रसंग पूर्ण झाला, आणि तिला हवं तेवढं अंतरही मिळालं.

असं करण्याची मुभा सगळ्यांना आहे, हे गेम सुरू होण्याआधीच्या सेशन झीरोमध्येच बोलून ठेवा. कोणते विषय नकोत, कोणते ‘आणि मग सकाळ होते’ म्हणून ओलांडायचे, हेही तेव्हाच ठरवा. कुणी ‘ती’वर गेलं तर त्याला परत ‘मी’वर ओढू नका. त्याचं कारण विचारू नका.

डीएम असाल तर आणखी एकच विनंती. प्रश्न विचारताना खेळाडूचं नाव न घेता पात्राचं घ्या आणि क्रियापदही पात्राचंच वापरा: "रेवा, काय करतेस?" समोर दाढीवाला मित्र बसलेला असला तरी. उत्तर तो ‘मी’ने देईल किंवा ‘ती’ने, दोन्ही तितक्याच उत्सुकतेने ऐका. तुमच्या चेहऱ्यावरून नवा माणूस ठरवतो की त्याचं बरोबर चाललंय का.

पहिल्या सेशनआधी

कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाच्या, मागे पेन्सिलने तीन ओळी लिहून आणा. एक ‘ती’ची, एक ‘असं म्हणते’ची, एक ‘मी’ची. रेवासाठी मी लिहिल्या असत्या त्या अशा:

रेवा अनोळखी जागी शिरली की आधी बाहेर पडायची वाट शोधते.

‘मला कुणाची गरज नाही,’ असं ती म्हणते आणि म्हणताना नेहमी दुसरीकडे बघते.

"ही चिठ्ठी कुणाची आहे ते मला विचारू नका. विचारलंत तर मला खरं सांगावं लागेल."

पहिल्या दिवशी पहिली ओळ वापरा. तिसरी कधी वापरायची ते रेवा ठरवेल.